ठोकळे लपव

४ सप्टेंबर
दुकानात, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय शिस्तबाई,

तू माझा फोन ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. पत्राला ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतं. फाडणार असशील तर आधी पूर्ण वाच, कारण यातला मजकूर माझ्याबद्दल नाही. थोडासा आहे. तेवढाच भाग फाड.

पत्ता तुझ्या आईकडून मिळाला. त्यांना ओरडू नकोस. त्या दुकानात चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला आल्या होत्या, मी बसवून दिला आणि चेहरा असा केला की त्यांनाच माझी दया आली.

हो, दुकानात. कॉलेजमधून बाहेर पडल्यावर मी चष्म्याच्या दुकानात लागलो. काचा घासतो, फ्रेममध्ये बसवतो, आणि काका, म्हणजे आमचे मालक, आत डोळे तपासत असले की भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बदलून देतो. काका म्हणतात, तापट माणसाने काचेचं काम करावं, दोन-चार फुटल्या की आपोआप निवतो. माझ्या बऱ्याच फुटल्या. निवायचं अजून बाकी आहे.

आता मुद्द्यावर येतो. भिंगरी आठवते ना, माझ्या ताईची मुलगी? तू तिला कागदाची होडी शिकवली होतीस. तिने घड्या घालायला इतका वेळ लावला की आपला चहा गार झाला. पण तुझी होडी बादलीत बुडाली आणि तिची तरंगत राहिली. ती भिंगरी आता सहावीत आहे आणि त्या शाळेत आहे. तीच, प्रवेश मिळाला तेव्हा ताईने जिना चढून-उतरून अख्ख्या इमारतीला सांगितलं होतं ती. तिथे दर शनिवारी परीक्षा असते आणि सोमवारी गुणांप्रमाणे बाक बदलतात. भिंगरी पहिल्या बाकावरून निघाली होती, आता खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर पोचली आहे. त्याच्या पुढे बाक नाही, दारच आहे.

तर ते दार मोठ्या बाईंनी दाखवलंय. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. सहामाहीच्या आत सुधारणा दिसली नाही तर "तिला झेपेल अशी शाळा बघा." वर्गातली पोरं तिला गोगलगाय म्हणतात. आणि गंमत म्हणजे या पोरीला शाळा आवडते! प्रयोगशाळेतल्या माशांना खायला घालायचं काम तिच्याकडे आहे. रात्री झोपताना ती आईला विचारते, "दुसऱ्या शाळेत मासे असतील का गं?"

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. शाळेत जाऊन मोठ्या बाईंना चार शब्द सुनवणार होतो. ताईने माझ्या चपला लपवल्या. मी अनवाणी निघालो तर भाऊजी दारात उभे. म्हणाले, "बघू." ते प्रत्येक गोष्टीला बघू म्हणतात. लग्नालाही बघूच म्हणाले होते म्हणे.

मला कुणाला तरी सांगायचं होतं. कुणाला तरी म्हणजे तुलाच.

तुझा (हा शब्द ठेवू की खोडू ते ठरेना, म्हणून राहू दिलाय)
भडका


१५ सप्टेंबर
दुकानात, गिऱ्हाईक नाही

प्रिय शिस्तबाई,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. म्हणजे तू ठेवलंस. मी याला चांगली सुरुवात समजतो, तू काहीही समज.

शाळेत एक नवीन मॅडम आल्या आहेत. मुलाचं डोकं कुठे जोरात चालतं, कुठे अडतं, हे त्या तपासतात. एकेका मुलाला समोर बसवून चित्रं, कोडी, आकडे, शब्द. त्यांच्या टेबलावर लाल-पांढऱ्या ठोकळ्यांचा डबा असतो म्हणून मी त्यांना ठोकळेवाल्या मॅडम म्हणतो. भिंगरीच्या वर्गशिक्षिकेनेच सुचवलं की एकदा त्यांच्याकडून तपासून घ्या. मोठ्या बाई म्हणाल्या, घ्या, पण बैठकीच्या आधी. त्या बैठकीत भिंगरीचा निकाल लागणार, राहायचं की जायचं.

ताई त्यांना भेटून आली. मी विचारलं, "तयारी काय करायची?"

"मॅडम म्हणाल्या, काही नाही. नीट झोपू द्या, खाऊन येऊ द्या."

"असं सगळेच म्हणतात गं."

"त्या तशा वाटल्या नाहीत."

"ताई, त्या शाळेत 'मी पुस्तक उघडलंच नाही' असं म्हणणारी मुलंच पहिली येतात. तू अजून भोळी आहेस."

असो. आज दुकानात काय झालं ते ऐक. बस चालवणारे एक गृहस्थ आले. परवान्यासाठी डोळे तपासून दाखला हवा होता. बाकावर बसल्या बसल्या पडद्याच्या फटीतून त्यांनी आतला तक्ता बघून घेतला, आणि ओठ हलवत पाठ केला! काकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला खूण केली, मी गुपचूप दुसरा तक्ता लावला. गृहस्थ खुर्चीत बसले आणि अगदी खणखणीत आवाजात पहिल्या तक्त्याची अक्षरं म्हणून मोकळे झाले. शेवटच्या बारीक ओळीसकट!

मी भडकलो. "अहो, डोळे दाखवायला आलात की कविता म्हणायला? आज आम्हाला फसवाल, उद्या खांबाला कसं फसवणार? तुम्हाला चष्मा लागतोय, मग तो मिळू द्या ना स्वतःला!"

काकांनी मला पाणी प्यायला बाहेर पाठवलं. पण मागून म्हणाले, "मुद्दा बरोबर होता तुझा. आवाज तेवढा चुकला."

तुझ्या नाकाला नेमकी बसेल अशी एक फ्रेम मी वेगळी काढून ठेवली आहे. तुला चष्मा नाही, मला माहीत आहे.

तुझा
भडका


२२ सप्टेंबर

प्रिय शिस्तबाई,

आज मी फार खूश आहे. भिंगरीची तपासणी गुरुवारी आहे आणि आमची तयारी जय्यत!

मोबाइलवर शोधून काढलं. ठोकळ्यांचे नमुने असतात, चित्रात दिसेल तसा आकार पटापट जुळवायचा. मग मी सुताराकडून उरलेल्या लाकडाचे ठोकळे कापून आणले. लाल रंग नव्हता म्हणून ताईचं नेलपॉलिश वापरलं. वास येतो, पण चकाकतात छान. दुकानातून घरी आलो की मी आणि भिंगरी गच्चीवर. मी हातात घड्याळ धरतो, ती जुळवते. सुरुवातीला किती वेळ लावायची! आता नमुना दाखवायच्या आधीच हात चालतात. आकडे उलटे म्हणायचे असतात, त्यासाठी मी तिला युक्ती शिकवली, मांडीवर बोटाने लिहायचे आणि मागून वाचायचे. खुणा पाहून पटापट चिन्हं काढायची असतात, तीही चिन्हं पाठ करून घेतली.

पोरगी हसते काय, टाळ्या काय वाजवते! मधेच म्हणाली, "मामा, मॅडम म्हणाल्या होत्या की चुकलं तरी चालेल."

मी म्हटलं, "चालतं ते त्यांना. आपल्याला चालत नाही."

ताईला यातलं काही माहीत नाही. ती आठवडाभर नेलपॉलिश शोधते आहे. भाऊजींनी गच्चीवर येऊन पाहिलं, थोडा वेळ उभे राहिले आणि "बघू" म्हणून खाली गेले.

शिस्तबाई, मी कुठलीच गोष्ट शेवटाला नेत नाही, असं तू म्हणाली होतीस. ही नेतोय. गुरुवारी बघ.

तुझा, आणि या वेळी न खोडता
भडका


२७ सप्टेंबर

तुझं कार्ड मिळालं. एक दिवस उशिरा.

सविस्तर उद्या लिहितो. आज ताईने माझं पेन लपवलंय, हे पेन्सिलीने लिहितोय.


२८ सप्टेंबर

प्रिय शिस्तबाई,

आधी कार्डाचं सांगतो. दीड वर्षाने तुझं अक्षर पाहिलं. पोस्टमनच्या हातातून घेताना मी आनंदाने ओरडलो. मग वाचलं. "ठोकळे लपव." एवढंच. ना सही, ना तारीख. मग पुन्हा ओरडलो, पण वेगळ्या कारणाने.

कारण गुरुवार होऊन गेला होता.

गुरुवारी मी काकांकडून रजा घेऊन शाळेत गेलो. मी आणि ताई खोलीबाहेर बाकावर. आतून भिंगरीचा हसण्याचा आवाज येत होता. मी ताईला कोपराने ढोसलं, "ऐकलंस?" तेवढ्यात दार उघडलं. इतक्या लवकर उघडायला नको होतं. ठोकळेवाल्या मॅडम बाहेर आल्या, शांत चेहऱ्याच्या, हातात फाइल.

"मामा आपणच का?"

मी ताठ बसलो. "हो, मीच."

"नेलपॉलिश कुणाचं?"

ताईची मान माझ्याकडे इतक्या सावकाश वळली की ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

झालं असं की डबा उघडताच भिंगरीने टाळी वाजवली. "हे मला येतं! आमचे नेलपॉलिशचे आहेत, तुमच्यांना वास का नाही?" आकडे आले तेव्हा मांडीवर लिहायला लागली, आणि मॅडमनी विचारल्यावर प्रामाणिकपणे म्हणाली, "मामाने सांगितलंय, बोट टेबलाखाली ठेवायचं."

मॅडम म्हणाल्या, "तिने नमुने फटाफट केले. त्यावरून मला एवढंच कळलं की तिचा मामा मेहनती आहे."

"मग मार्क चांगलेच आले ना?" मी म्हणालो. आवाज चढला होता.

"फार चांगले. हे असेच मोठ्या बाईंसमोर ठेवले तर त्या काय म्हणतील? पोरगी चलाख आहे, वेगही आहे, म्हणजे वर्गात आळस करते. तिला मदत द्यायचं कारणच उरलं नाही. तिचं जिथे अडतं तेच नेमकं तुम्ही झाकून ठेवलंत."

 आणि समोर तो बसवाला उभा राहिला, ओठ हलवत तक्ता पाठ करणारा. त्याला मी काय काय बोललो होतो! अक्षरशः तेच शब्द माझ्या कानात वाजायला लागले, माझ्याच आवाजात.

मॅडमनी सांगितलं, वेगळ्या नमुन्यांचा दुसरा संच मागवावा लागेल, आणि मधे काही आठवडे जाऊ द्यावे लागतील, म्हणजे डोक्यातली तयारी विरून जाईल. पण बैठक पुढच्याच आठवड्यात आहे. बैठकीत दाखवायला हातात काही नसेल, तर भिंगरी गेली.

भिंगरी माझा हात धरून चालत होती. म्हणाली, "मामा, मी नापास झाले?"

"नाही गं. मी झालो."

"मग तुझा बाक बदलणार?"

ताईला हसायचं नव्हतं. पण फुटलंच तिला हसू. मग रडू. मग परत हसू. घरी येऊन तिने मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही, कागद पुरणार नाही.

काय करू सांग.

भडका


९ ऑक्टोबर

प्रिय शिस्तबाई,

तू मला मूर्ख म्हणालीस! पानभर! अधूनमधून गाढवही! पत्र मी दुकानात तीन गिऱ्हाइकांसमोर वाचलं आणि काकांनी विचारलं, "लॉटरी लागली का रे?"

तुझं बरोबर आहे. तू दिवसभर लोकांचे वजनकाटे तपासतेस, तुला हे कळणारच. "काट्याखाली बोट लावून वजन कमी दाखवलंस म्हणून ते कमी होत नाही, भडक्या." हे वाक्य मी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ही मुलगी आपल्या धंद्यातली आहे."

तू लिहिलंस तसं केलं. शाळेत जा. खरं ते सांग. आवाज खाली. बस म्हणेपर्यंत बसू नकोस. "आणि विभागप्रमुखांपुढे जर्नल फेकलंस तसं काही फेकू नकोस." हात मी खिशातच ठेवले, म्हणजे फेकायला काही मिळणार नाही. निघताना ताईने चपला स्वतः काढून दिल्या.

मोठ्या बाई नावाएवढ्या मोठ्या नाहीत. टेबलामागे जेमतेम दिसतात. चष्मा सारखा नाकावर घसरतो, डावी दांडी सैल आहे. मी उभा. त्या सही करत होत्या.

"बोला."

"माफी मागायला आलोय." हा शब्द तोंडातून काढताना माझी जीभ किती जड झाली ते तुला ठाऊक आहे. याच शब्दावरून आपलं बिनसलं होतं. तू म्हणाली होतीस, सरांना एकदा सॉरी म्हण. मी म्हणालो होतो, तूच जाऊन राहा त्यांच्याबरोबर.

"कशाची माफी?"

"भाचीकडून चाचणीची तयारी करून घेतली त्याची."

त्यांनी पेन ठेवलं. चष्मा काढला. "परत सांग."

मी परत सांगितलं. सुतार, नेलपॉलिश, गच्ची, मांडीवरचे आकडे, सगळं.

"इतकी वर्षं या खुर्चीवर बसते आहे," त्या म्हणाल्या. "लोक तयारी कमी पडली म्हणून रडायला येतात. तयारी करून घेतली म्हणून माफी मागायला आलेला तू पहिलाच."

त्या हसल्या नाहीत. पण हसायच्या बेतात होत्या असं मला वाटलं.

"तुला काय वाटतं, मला ती पोरगी नकोशी झाली आहे? शनिवारी परीक्षा सुटल्यावर तिचा चेहरा मी बघते. तिला इथे रोज हरवत ठेवायचं की दुसरीकडे मजेत राहू द्यायचं, एवढाच माझा प्रश्न आहे."

 मोठ्या बाईंवर ओरडायचं म्हणून जे काही मी महिनाभर मनात रचून ठेवलं होतं ते सगळं वाया गेलं.

"चाचणी पुन्हा होऊ दे. तोवर बैठक पुढे ढकलते. पण तू त्या खोलीच्या आसपास दिसायचा नाहीस."

"नाही दिसणार."

"आणि ते ठोकळे?"

"लपवलेत."

"लपवू नकोस. इथे आणून दे."

निघताना राहवलं नाही. "बाई, तुमच्या चष्म्याची डावी दांडी सैल आहे. दुकान जवळच आहे."

"मला माहीत आहे. नीघ."

पण बैठक पुढे गेली, शिस्तबाई! आवाज एकदाही न चढवता! मी बाहेर येऊन फाटकापाशी एकटाच नाचलो. शाळेच्या पहारेकऱ्याने विचारलं, "पास झालात का?"

तू पत्राच्या शेवटी "कॉलेजचं काय?" असं विचारलं आहेस. त्या ओळीवर चहा सांडला, नीट दिसली नाही.

तुझा मूर्ख
भडका


६ नोव्हेंबर

प्रिय शिस्तबाई,

तुझी तीन पत्रं झाली आणि तिन्हीत "भिंगरीचं पुढे काय झालं?" मला भाचीचा मत्सर वाटायला लागलाय. घे, ऐक.

दुसरी चाचणी झाली. मी दुकानात काचा घासत बसलो होतो, दोन फोडल्या. संध्याकाळी भिंगरीला विचारलं, "कसं गेलं?"

"मामा, आज मला आधीपासून काहीच येत नव्हतं." डोळे लकलकत होते. "खूप मजा आली."

मग बैठक. मला बोलावणं नव्हतं, पण भाऊजी म्हणाले, "येऊ दे त्याला. बघू." आत मोठ्या बाईंच्या टेबलावर पंख्याने कागद उडू नयेत म्हणून काय ठेवलं होतं ओळख. माझे ठोकळे! खोलीत अजून नेलपॉलिशचा वास होता.

ठोकळेवाल्या मॅडमनी समजावून सांगितलं. भिंगरीला विचार करायला वेळ लागत नाही. कोडी सुटतात, शब्द कळतात, एकात एक गुंतलेली गोष्ट ती तिच्या वयाच्या मुलांपेक्षा पुष्कळ चांगली उलगडते. पण पाहिलेलं भरभर उतरवणं, घाईने लिहिणं, फळ्यावरून कागदावर आणणं, तिथे ती फार सावकाश. "डोकं पुढे पळतं, हात मागून चालत येतो," मॅडम म्हणाल्या. ताईने डोळ्याला पदर लावला. भाऊजींनी पहिल्यांदाच बघू म्हटलं नाही. म्हणाले, "मीही असाच होतो." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले तर ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"तिला परीक्षेत जास्तीचा वेळ द्या," मॅडम म्हणाल्या. "पानावर एकच प्रश्न. फळ्यावरचं उतरवायच्या ऐवजी छापील कागद."

"वेळ सगळ्यांनाच हवा असतो," मोठ्या बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता माझी पाळी. घसा साफ केला. "बाई, समजा एखाद्या मुलीला लांबचं दिसत नाही, तर आपण तिला चष्मा..."

"चष्म्याचं उदाहरण देऊ नकोस. दर वर्षी भाषणात मीच देते ते."



मग मॅडमनी भिंगरीचे शनिवारचे जुने पेपर पुढे सरकवले. मोठ्या बाई उलटू लागल्या. पहिल्या पानावर सगळं बरोबर. दुसऱ्यावर बरोबर. मग कोरं. पुढचा पेपर. बरोबर, बरोबर, कोरं. पुढचा. तसाच.  ती चुकत नव्हतीच, शिस्तबाई. ती पोचतच नव्हती.

"हे आमच्यापैकी कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?" मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. आम्हाला नाही, पेपरांनाच.

मॅडम म्हणाल्या, "आपण बेरीज बघतो. पानं कोण बघतं?"

ठरलं असं. सहामाहीला भिंगरीला जास्तीचा वेळ. पेपर तोच, प्रश्न तेच, सूट कशात नाही. त्यात उतरली तर शाळेत राहील.

मोठ्या बाईंनी भिंगरीला आत बोलावून विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

ती म्हणाली, "मला मार्क पडले तरी खिडकीजवळचाच बाक द्या ना. तिथून मासे दिसतात."

तू पुढच्या महिन्यात सुट्टीवर येणार असं तुझ्या आई म्हणाल्या. (त्या परत आल्या होत्या. स्क्रू तोच, पक्का बसवलेला. मला वाटतं त्यांना आपली काळजी आहे.) भेटशील का? एवढंच विचारतो. चहा. समोरासमोर.

भडका


१४ डिसेंबर
शाळेच्या फाटकासमोरचा बाक, आणि नंतर घरी

प्रिय शिस्तबाई,

तुझं उत्तर मिळालं. "विचार करते." दोनच शब्द.

दीड वर्षापूर्वीचा मी असतो तर पहिली बस पकडून तुझ्या खिडकीखाली उभा राहून विचारलं असतं, कसला विचार, किती विचार, अजून किती? या वेळी कार्ड खिशात ठेवलं आणि भिंगरीला परीक्षेला सोडायला गेलो. ही गोष्ट मागच्या आठवड्यातली. गणिताचा पेपर. तोच तिला दरवेळी बुडवतो.

घंटा झाली. पोरं बाहेर आली. बाप्पा, काय ती गर्दी, काय तो गोंगाट! "शेवटचं सुटलं का? उत्तर काय आलं?" आया दप्तरं ओढतायत, कुणी रडतंय, कुणी उगाच हसतंय. मग पातळ झाली. मग एकदोन. मग कुणीच नाही.

भिंगरी आत.

 आधीही ती शेवटीच बाहेर यायची, पण तेव्हा मान खाली घालून. मी फाटकाशी जाऊन आलो, परत आलो, परत गेलो. पहारेकरी म्हणाला, "बसा हो. फाटक हलवल्याने पेपर लवकर सुटत नाही."

बसलो. शिस्तबाई, मी नुसता बसलो. हातात काही नाही, फेकायला काही नाही, ओरडायला समोर कुणी नाही. आत एक पोरगी आपल्या चालीने चालली होती आणि तिला हाक मारायची नाही, एवढंच माझं काम होतं. असं अवघड काम मी आजवर केलं नव्हतं. आणि काय सांगू, थोड्या वेळाने बरं वाटायला लागलं. ऊन अंगावर घेत बसलो. तुझं कार्ड काढून परत वाचलं. या वेळी ते दोन शब्द मला नकारासारखे वाटले नाहीत. विचार करते म्हणजे पेपर अजून टाकून दिलेला नाही.

मग ती आली. पळत! दप्तर उघडं, एक वेणी सुटलेली.

"मामा, संपला!"

"वेळ?"

"नाही, पेपर! पेपर संपला, आणि वेळ उरला!"

मी तिला उचलून गरगर फिरवलं. पहारेकऱ्याने टाळ्या वाजवल्या, का ते त्याला कळलं नव्हतं तरी.

"उरलेल्या वेळात काय केलंस?"

"चित्र काढलं. पेपरच्या मागे."

"कसलं?"

"गोगलगाईचं. तिला चष्मा घातलाय."

आज निकाल लागला. पहिली नाही आली, दुसरी-तिसरी नाही, वर्गाच्या मधोमध आली, जिथे आजवर तिला कुणी पाहिलंच नव्हतं. गणिताचा शेवटचा अवघड प्रश्न वर्गात मोजक्यांनी सोडवला, त्यात तीही. मोठ्या बाईंनी पेपर परत देताना मागचं चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "डावी दांडी सैल काढली आहेस." ती शाळेत राहते आहे. बाक खिडकीजवळचाच. ताई जिना चढून-उतरून इमारतीला सांगून आली. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "पहिली आली का?" ताई म्हणाली, "नाही, मधली!" आणि असं काही हसली की आजींना वाटलं मधलंच मोठं असतं.

आता तुझ्या त्या ओळीबद्दल, जिच्यावर चहा सांडला होता. चहा सांडला नव्हता. परवा कॉलेजात जाऊन आलो. सरांपुढे उभा राहिलो, बस म्हणेपर्यंत बसलो नाही. तोच शब्द म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायला सोपा जातो तो. राहिलेले विषय पुढच्या सत्रात देता येतील म्हणाले. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. काकांना विचारलं तर म्हणाले, "जा. माझ्या काचा तरी वाचतील."

आणि तुझा विचार. कर. घाई नको. सगळे येऊन गेले, फाटक रिकामं झालं, तरी मी बाकावर आहे असं समज. तुला जास्तीचा वेळ मंजूर. फक्त कोरं पान देऊ नकोस.

तुझाच
भडका

ता. क. मोठ्या बाई काल दुकानात येऊन दांडी घट्ट करून गेल्या, आणि माझे ठोकळे परत दिले. सोबतच्या डब्यात तुझ्यासाठी पाठवतोय. लपवू नकोस.